वाचकांचे प्रश्न : गोल्फपटू महाविद्यालयाचा प्रशिक्षक होतो तेव्हा

गेल्या अंकात क्रीडाशिक्षकांच्या नोकऱ्यांविषयी लिहिताना, अमेरिकेतील विद्यापीठांच्या गोल्फ संघांना पुष्कळदा माजी व्यावसायिक खेळाडूच प्रशिक्षक म्हणून लाभतात, असे एक वाक्य आम्ही जाता जाता लिहिले होते. त्या एका वाक्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. कुस्ती, कबड्डी आणि धावण्याच्या या मुलखात गोल्फची चौकशी करणारा वाचकही आहे, हे त्यानिमित्ताने कळले. आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे मोठी असल्याने मजकूर संक्षिप्त केला आहे आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. व्यावसायिक गोल्फमध्ये कोट्यवधींची बक्षिसे असतात, असे वर्तमानपत्रात वाचतो. मग ते सोडून एखादा खेळाडू महाविद्यालयातील पगारी नोकरी का पत्करतो? खेळात अपयशी ठरलेल्यांचाच हा मार्ग आहे काय? — एक वाचक, सातारा

उत्तर : बक्षिसांच्या रकमा खऱ्या आहेत, पण छापून येते ती वरच्या दहा-पंधरा जणांची कमाई. व्यावसायिक स्पर्धा साधारणपणे चार दिवस चालते आणि तीत ७२ होल, म्हणजे चेंडू खळग्यात घालण्याचे ७२ टप्पे, खेळले जातात. पहिल्या दोन दिवसांचे ३६ होल झाले की खेळाडूंची छाटणी होते. तिला ‘कट’ म्हणतात. अमेरिकेतील सर्वोच्च पातळीवर, म्हणजे पीजीए टूरवर, सर्वसाधारण स्पर्धेत पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीने असलेले खेळाडू पुढे जातात. उरलेल्यांना बक्षिसाच्या रकमेतून सहसा काही मिळत नाही. प्रवास, मुक्काम आणि कॅडीचा (बॅग वाहणाऱ्या सोबत्याचा) मेहनताना यांचा खर्च मात्र होऊन गेलेला असतो. खालच्या पातळीच्या स्पर्धांत तर बक्षिसे लहान आणि खर्च जवळजवळ तेवढाच. माण-खटावच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही : मशागत आणि बियाणे आधी, पीक आले तर आले. अशी दहा-बारा वर्षे काढून पस्तिशीला पोहोचलेल्या माणसाने महिन्याच्या महिन्याला पगार देणारी जागा घेतली, तर तिला अपयश म्हणणे आम्हाला पटत नाही.

तरीही आपल्या प्रश्नातला दुसरा भाग टाळता येण्याजोगा नाही. जो खेळत राहू शकला असता तो सहसा प्रशिक्षक होत नाही, हे खरेच आहे. फक्त ‘अपयश’ या एका शब्दात किती वेगवेगळ्या गोष्टी बसवल्या जातात, हे केसी मार्टिन यांच्या आयुष्यावरून दिसते, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

मार्टिन यांचा जन्म १९७२ मध्ये अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील यूजीन या गावचा. त्यांच्या उजव्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात दोष होता. पायातील रक्त नीट वर चढत नसे, पाय सुजे, दुखे, आणि हाड इतके कमकुवत झालेले की चालताना ते मोडण्याची भीती असे. अशा पायावर त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून गोल्फ खेळून १९९४ मध्ये संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देण्यात वाटा उचलला. पुढच्याच हंगामात त्या संघात टायगर वुड्स नावाचा नवा विद्यार्थी दाखल झाला. १९९५ मध्ये मार्टिन व्यावसायिक झाले. अठरा होलचे मैदान पायी पार करणे त्यांना दिवसेंदिवस अशक्य होत चालले होते, म्हणून त्यांनी दोन फटक्यांमधले अंतर छोट्या गाडीतून कापण्याची परवानगी मागितली. टूरने ती नाकारली. चालणे आणि चालण्याने येणारा थकवा हा खेळाचाच भाग आहे, एकाला गाडी दिली तर बाकीच्यांवर अन्याय होईल, अशी टूरची बाजू होती. मार्टिन यांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या १९९० च्या कायद्याचा आधार घेऊन दावा लावला. त्या खटल्यात थकव्याचे मोजमापसुद्धा झाले. सुमारे आठ किलोमीटरची चाल पाच तासांत विभागली जाते आणि तीत साधारण ५०० कॅलरी खर्च होतात, अशी साक्ष न्यायालयापुढे आली. २९ मे २००१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने मार्टिन यांच्या बाजूने निकाल दिला. गोल्फचा गाभा चेंडू मारण्यात आहे, चालण्यात नाही, असा त्याचा मथितार्थ.

दरम्यान खालच्या न्यायालयांच्या आदेशांवर गाडी वापरून ते खेळत होते. १९९८ मध्ये त्यांनी दुसऱ्या पातळीच्या टूरवर एक स्पर्धा जिंकली, त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबवर झालेल्या यू. एस. ओपनमध्ये बरोबरीने तेविसावे आले, आणि २००० साली पीजीए टूरवर पूर्ण हंगाम खेळले. पण तेथील स्थान त्यांना टिकवता आले नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा ज्या टूरवर गाडी चालवण्याचा हक्क मिळाला, त्या टूरवरची त्यांची जागाच गेलेली होती. आपल्याकडे दिवाणी दावे लढलेल्या कोणत्याही घराला यात नवल वाटणार नाही.

२००६ मध्ये त्यांच्याच गावातील ऑरेगन विद्यापीठाने त्यांना पुरुष संघाचे प्रशिक्षकपद दिले. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा यूजीनमध्येच भरली आणि ऑरेगनने ती जिंकली. पुरुष गोल्फमधले त्या विद्यापीठाचे ते पहिले विजेतेपद होते. त्याच स्पर्धेत वैयक्तिक विजेताही त्यांचाच विद्यार्थी, ॲरन वाइज, ठरला, आणि तो पुढे २०१८ मध्ये पीजीए टूरवर स्पर्धा जिंकून त्या हंगामातला सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. मधल्या काळात, २०१२ मध्ये, वयाच्या चाळिशीत आणि प्रशिक्षकाची नोकरी सांभाळून, मार्टिन पात्रता फेरीतून पुन्हा यू. एस. ओपनला पोहोचले, तेही त्याच ऑलिंपिक क्लबवर. २०२१ मध्ये तो पाय अखेर गुडघ्याजवळ कापावा लागला. त्यानंतरही ते संघासोबत परतले.

जग त्यांना खटल्यामुळे ओळखते. आमच्या मते २०१६ चा विजय त्याहून मोठा आहे, कारण खटल्यात त्यांनी स्वतःसाठी मागितले होते आणि येथे दुसऱ्यांना घडवले होते. अर्थात हे मत आहे, आणि कायद्याच्या अभ्यासकांनी आमच्याशी भांडायला हरकत नाही.

प्रश्न : गोल्फ एकट्याने खेळायचा खेळ आहे, मग महाविद्यालयाचा ‘संघ’ जिंकतो म्हणजे नेमके काय होते? — एक विद्यार्थी, विटा

उत्तर : संघातून पाच जण उतरतात आणि दिवसाच्या अखेरीस पाचांपैकी सर्वांत कमी फटक्यांत खेळलेल्या चौघांची बेरीज धरली जाते. पाचव्याचा वाईट दिवस त्यामुळे झाकला जातो, दोघांचा झाकला जात नाही. राष्ट्रीय स्पर्धेत अशा बेरजेने पहिले आठ संघ निवडतात आणि मग संघाविरुद्ध संघ, पाच जोड्या लावून, ज्याचे तीन जिंकले तो पुढे, अशी बाद फेरी होते. पुरुषांसाठी ही पद्धत २००९ पासून आणि महिलांसाठी २०१५ पासून आहे. वर उल्लेख केलेल्या २०१६ च्या अंतिम सामन्यात ऑरेगनने टेक्सास विद्यापीठाला ३–२ असे हरवले. निर्णायक जोडी अठरा होलनंतर बरोबरीत राहिली आणि सुलमान रझा या यूजीनच्याच मुलाने तो सामना एकविसाव्या होलवर जिंकला. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन कुस्तीत सांघिक विजेतेपद ठरते तेव्हाही एकेक मल्ल एकटाच लढतो आणि गुण महाविद्यालयाच्या नावावर जमा होतात. तसेच काहीसे हे आहे.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या कुस्ती आहे. स्वतः माती न चाखलेला माणूस वस्ताद होऊ शकत नाही, असे आम्ही मानतो. गोल्फमध्येही प्रशिक्षक मोठा खेळाडू असावाच लागतो काय? आणि मोठा खेळाडू असला म्हणजे चांगला प्रशिक्षक होतोच काय? — एक वाचक, कराड

उत्तर : दोन्ही प्रश्नांना इतिहासाचे उत्तर नकारार्थी आहे. अमेरिकेच्या विद्यापीठीय गोल्फमध्ये सर्वाधिक गाजलेले प्रशिक्षक डेव्ह विल्यम्स हे ह्यूस्टन विद्यापीठात अभियांत्रिकीचे अध्यापक होते. त्यांच्या संघांनी १९५६ ते १९८५ या काळात १६ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे माइक होल्डर हे १९७३ पासून २००५ पर्यंत एकाच संघाचे प्रशिक्षक राहिले आणि त्यांनी आठ विजेतेपदे मिळवली. तेही टूरवर कारकीर्द करून आलेले नव्हते, त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते. म्हणजे व्यावसायिक टूरवर कारकीर्द न केलेल्या दोन माणसांकडे मिळून चोवीस विजेतेपदे आहेत. वस्तादाविषयीचे आपले मत कुस्तीत खरे असेलही. गोल्फला ते जसेच्या तसे लागू करता येत नाही.

दुसऱ्या बाजूला मार्टिन आहेत, आणि ओक्लाहोमा स्टेटचेच ॲलन ब्रॅटन आहेत. या दोघांची जोडी मोठी गमतीची आहे. १९९५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत स्टॅनफर्ड आणि ओक्लाहोमा स्टेट यांची बेरीज समान झाली आणि विजेता ठरवण्यासाठी जादा होल खेळावे लागले. एका बाजूला वुड्स आणि मार्टिन, दुसऱ्या बाजूला ब्रॅटन. विजय ओक्लाहोमा स्टेटचा झाला. पुढे दोघांनीही व्यावसायिक गोल्फ आजमावले, दोघेही आपापल्या गावी किंवा आपल्या विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून परतले, आणि मार्टिन यांच्या २०१६ च्या विजेतेपदानंतर दोनच वर्षांनी ब्रॅटन यांच्या संघाने २०१८ चे विजेतेपद आपल्याच मैदानावर पटकावले. २०२५ मध्ये ते पुन्हा जिंकले.

मग व्यावसायिक खेळाडू आपल्याबरोबर असे काय घेऊन येतो, जे विल्यम्स यांच्याकडे नव्हते? लोकांना वाटते की तो आपला स्विंग घेऊन येतो, म्हणजे चेंडू मारण्याची लकब शिकवतो. हा समज आम्हाला चुकीचा वाटतो. आज विद्यापीठात दाखल होणारा चांगला खेळाडू लहानपणापासून कोणा ना कोणा शिक्षकाकडे शिकलेला असतो, आणि तो शिक्षक दूर असला तरी मोबाइलवर चित्रफीत पाठवून त्याचा सल्ला घेत असतो. अशा मुलाची लकब पहिल्याच वर्षी मोडायला निघालेला प्रशिक्षक मुलाला दोन गुरूंच्या मध्ये उभा करतो. शहाणा प्रशिक्षक लकबीला हात लावत नाही. तो खेळाडूच्या डोक्यातला नकाशा बदलतो.

हे कसे, ते सांगतो. व्यावसायिक स्पर्धेत खेळाडूला सल्ला फक्त त्याचा कॅडी देऊ शकतो. विद्यापीठीय गोल्फमध्ये कॅडी नसतो; मुले आपली बॅग स्वतः खांद्यावर घेतात किंवा हातगाडीवर ढकलतात, आणि नियमांनी संघाच्या प्रशिक्षकाला सामना चालू असताना सल्ला देण्याची मुभा दिलेली आहे. म्हणजे अवघड होलवर, समोर पाणी आणि डाव्या हाताला वाळूचा खड्डा असताना, प्रशिक्षक मुलाच्या शेजारी उभा असतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला त्या क्षणी होलवरचा झेंडा दिसतो. टूरवर एका फटक्याने कट चुकवून रात्री मोटार हाकत दुसऱ्या गावी गेलेल्या माणसाला झेंडा दिसत नाही. चेंडू चुकला तर कोठे पडलेला परवडेल, ती जागा दिसते. ‘ग्रीनच्या (होलभोवतीच्या हिरवळीच्या) उजव्या अर्ध्यात मार, दोन पटमध्ये (हिरवळीवरच्या हलक्या फटक्यांत) आटपून पुढे जाऊ’, एवढे एक वाक्य तो बोलतो. ते वाक्य पुस्तकातही सापडते. पण किती वेळा ते पाळले नाही आणि त्याची काय किंमत पडली, हे ज्याला आठवते त्याच्या तोंडून ते आले की मूल ऐकते. जिंकलेल्या स्पर्धांपेक्षा हुकलेल्या स्पर्धा प्रशिक्षकाला अधिक उपयोगी पडतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि म्हणूनच फार मोठा विजेता कधीकधी वाईट शिक्षक ठरतो, कारण त्याला चूक परवडत आलेली असते.

आपल्याच गावाजवळचे उदाहरण घ्या. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतल्या कुस्तीत तयार झाले होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपूर्वी अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी त्यांना मॅटवरील कुस्तीचे नियम आणि डावपेच समजावून दिले. तेथे ते सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. खाशाबांना कुस्ती कऱ्हाडच्या मातीने शिकवली होती; मॅट पाहिलेला माणूस फक्त पुढची पायरी दाखवायला हवा होता. व्यावसायिक गोल्फमधून आलेल्या प्रशिक्षकाचे काम बरेचसे तेच आहे.

त्यांच्या उणिवाही सांगायला हव्यात. टूरवरचा खेळाडू दहा वर्षे फक्त स्वतःची काळजी घेत आलेला असतो. नोकरीत आल्यावर त्याला प्रवेशाची कागदपत्रे, माजी विद्यार्थ्यांकडून निधी, मुलांच्या परीक्षा आणि पालकांचे फोन यांना तोंड द्यावे लागते. सराव कितीही करता येत नाही. हंगामात आठवड्याला २० तास आणि दिवसाला चार तास ही मर्यादा नियमांनी घातली आहे, आणि ज्याने स्वतः उन्हे कलेपर्यंत चेंडू मारले त्याला ती जाचते. सर्वांत अवघड भाग निवडीचा. संघात आठ-नऊ मुले असतात आणि प्रवासाला पाच जातात. बहुतेक ठिकाणी अंतर्गत चाचणी सामन्यांवर काही जागा ठरतात आणि एखादी जागा प्रशिक्षक आपल्या अखत्यारीत ठेवतो. सहाव्या मुलाला ‘तू या वेळी नाहीस’ हे सांगणे टूरवर कोणी शिकवत नाही. तेथे फलकावरचा आकडाच ते सांगून टाकतो. शिवाय, हाताखालच्या मुलांतील बहुतेक जण कधीच व्यावसायिक होणार नाहीत, पदवी घेऊन नोकरी-धंद्याला लागतील, हे मनापासून मान्य करणे काही माजी खेळाडूंना जमत नाही आणि ते सर्वांनाच टूरच्या तालमीत उतरवू पाहतात.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची असून नववीत आहे. आम्ही तिला महिन्यातून दोनदा पुण्याला गोल्फच्या सरावासाठी नेतो. अमेरिकेत गोल्फवर शिष्यवृत्ती मिळते असे ऐकले. त्यासाठी जेथील प्रशिक्षक स्वतः व्यावसायिक खेळाडू होते असेच महाविद्यालय शोधावे काय? तिने आताच रोख बक्षिसाच्या स्पर्धा खेळाव्यात, असे एका परिचितांनी सुचवले आहे. — एक आई, सांगली

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तेथे केलेली चूक पुढे दुरुस्त करणे कठीण असते. विद्यापीठाकडून खेळायचे तर खेळाडू हौशी असावा लागतो. हौशी दर्जाच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार हौशी खेळाडूला एका स्पर्धेत ७०० पौंड किंवा १,००० डॉलरपर्यंतचेच बक्षीस घेता येते. त्याहून अधिक घेतले, किंवा व्यावसायिक म्हणून नोंदणी करून खेळले, तर हा दर्जा जातो. परिचितांचा हेतू चांगला असेल. तरी प्रत्येक स्पर्धेच्या नियमपत्रकात बक्षिसाचे स्वरूप काय आहे ते आपण स्वतः वाचल्याशिवाय नाव देऊ नये.

शिष्यवृत्तीविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. अमेरिकेतील विद्यापीठीय खेळांच्या पहिल्या श्रेणीतील (डिव्हिजन वन) विद्यापीठांत महिला गोल्फ संघाला वर्षानुवर्षे सहा पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि पुरुषांना साडेचारांची; या शिष्यवृत्त्या तुकडे करून अधिक मुलांत वाटल्या जात. २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरची मर्यादा उठली आणि तिच्या जागी संघात नऊ खेळाडू ही मर्यादा आली. मर्यादा उठली याचा अर्थ प्रत्येकीला पूर्ण खर्च मिळतो असा नव्हे. विद्यापीठ किती पैसे ठेवते त्यावर ते ठरते. तेव्हा जो कोणी दलाल ‘शंभर टक्के शिष्यवृत्ती’ असे सांगून आगाऊ रक्कम मागेल, त्याला दारातूनच परत पाठवावे.

प्रशिक्षकांना पत्रे लिहायला आताच सुरुवात करावी, पण उत्तर आले नाही म्हणून खचू नये. गोल्फमध्ये अमेरिकेतील दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत प्रशिक्षकाला विद्यार्थ्याशी भरतीविषयी पत्रव्यवहार करण्यास बंदी आहे. त्याआधीचे मौन हे नियमाचे मौन असते. पत्रात मुलीच्या फेऱ्यांचे खरे आकडे, मैदानाची लांबी आणि पार (मैदानासाठी ठरलेले फटके) यांसह द्यावेत. सर्वोत्तम फेरी तेवढी कळवली तर अनुभवी प्रशिक्षक ओळखतो. शिवाय पात्रतेसाठी नववी ते बारावी या चार वर्षांतील १६ मूळ विषयांचे गुण धरले जातात. आपल्याकडे ‘नववीचे गुण कोण पाहतो’ म्हणण्याची रीत आहे. येथे ते पाहिले जातात, आणि आपली मुलगी आत्ता नववीतच आहे.

व्यावसायिक पार्श्वभूमीच्या प्रशिक्षकाचा आग्रह धरू नये, असे आम्ही वरील उत्तरात सुचवलेच आहे. त्याऐवजी प्रशिक्षकाला आणि जमल्यास त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींना विचारावे : पाच जणींची निवड कशी होते, घरच्या शिक्षकाचा सल्ला घेतलेला चालतो काय, आणि दाखल झालेल्यांपैकी किती जणी चार वर्षे टिकून पदवी घेऊन बाहेर पडल्या. प्रसिद्ध नावांच्या मागेही लागू नये. जीव मिल्खा सिंग हे टेक्सासमधील ॲबिलीन ख्रिश्चन या, तेव्हा दुसऱ्या श्रेणीत असलेल्या, विद्यापीठात शिकले, तेथून १९९३ मध्ये त्या श्रेणीचे वैयक्तिक विजेतेपद मिळवून व्यावसायिक झाले, आणि १९९८ मध्ये युरोपियन टूरवर स्थान मिळवणारे पहिले भारतीय ठरले. उलट आदिती अशोक यांनी विद्यापीठाची वाट न धरता सतराव्या वर्षीच व्यावसायिक होणे पसंत केले आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळवले. दोन्ही वाटांना दाखले आहेत. फक्त पहिली वाट मध्येच सोडून दुसरीवर जाता येते. दुसरीवरून पहिलीवर येणे फार कठीण असते.

प्रश्न : माझे भाचे चौतीस वर्षांचे असून काही वर्षे भारतातील व्यावसायिक गोल्फ स्पर्धा खेळले. कमाई टिकत नाही म्हणून आता घरी परतून येथल्या एखाद्या महाविद्यालयात प्रशिक्षक व्हावे असा त्यांचा विचार आहे. पदवी वाणिज्य शाखेची आहे. काय करावे? — एक वाचक, मिरज

उत्तर : अमेरिकेतील चित्र येथे जुळत नाही, हे प्रथम मान्य करावे लागेल. सातारा-सांगलीतील बहुतेक महाविद्यालये १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि त्यांत एका खेळाचा पगारी प्रशिक्षक नेमण्याची पद्धत नाही. जागा असते ती शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाची, आणि तो एकच माणूस कबड्डीपासून क्रॉसकंट्रीपर्यंत सर्व पाहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे या पदासाठी शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाविज्ञानातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी, नेट किंवा सेट उत्तीर्ण असणे अथवा नियमानुसार पीएच.डी., आंतरमहाविद्यालयीन, राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धांतील सहभागाचा पुरावा, आणि शारीरिक क्षमता चाचणी एवढे लागते. आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धेतील पदकविजेत्याला पदव्युत्तर पदवीवर वेगळी सवलत आहे. गोल्फमध्ये १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत लक्ष्मण सिंग यांनी वैयक्तिक आणि भारतीय संघाने सांघिक सुवर्णपदक मिळवले होते, म्हणजे ही सवलत या खेळाला अगदीच परकी नाही. पण आपल्या पत्रात पदकाचा उल्लेख नाही, म्हणून तिचा विचार सोडून देऊ.

वाणिज्य पदवीधराला आधी बी.पी.एड. आणि मग एम.पी.एड., अशी सुमारे चार वर्षे आणि नंतर सेट, एवढा पल्ला आहे. तोवर चाळिशी जवळ येईल. त्यामुळे आमचा सल्ला असा की भाच्यांनी प्रथम भारतीय गोल्फ संघाच्या नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचे प्रशिक्षकांसाठीचे प्रमाणपत्र घ्यावे आणि पुण्यासारख्या, जेथे खेळ चालतो त्या ठिकाणी शिकवायला सुरुवात करावी. प्रमाणपत्राचे वर्ग टप्प्याटप्प्याने वर चढत जातात आणि शिकवता शिकवता ते करता येतात. गोल्फच्या प्रशिक्षणाला आता सरकारदरबारीही मान आहे. २०२३ सालचा जीवनगौरव श्रेणीतील द्रोणाचार्य पुरस्कार गोल्फसाठी जसकीरत सिंग ग्रेवाल यांना देण्यात आला. आणि एखाद्या खेळाची परंपरा नसलेल्या गावी अकादमी उभी राहू शकते, हे सांगायला फार लांब जावे लागत नाही. साताऱ्यात तिरंदाजी शिकलेली आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. तिरंदाजीला मात्र एक शेत पुरते. गोल्फला जमीन, पाणी आणि हिरवळ राखण्याचा बारमाही खर्च लागतो. म्हणून मिरजेत पूर्ण मैदानाचा विचार न करता, जाळी लावून चेंडू मारण्याचा सराव आणि पटिंगची एक छोटी हिरवळ, एवढ्यावरच हिशेब मांडून पाहावा.

आमची एक खंत येथे नोंदवतो. भारतातील कितीतरी चांगले व्यावसायिक गोल्फपटू कॅडी म्हणून मैदानावर आले. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर हे दिल्लीतले तसेच, आणि २००९ मध्ये तीच स्पर्धा जिंकणारे चिन्नास्वामी मुनियप्पा बंगळूरचे. मैदानाची नस या लोकांइतकी क्वचितच कोणाला सापडलेली असते. पण पदवीच्या अटीमुळे महाविद्यालयाचे दार त्यांना उघडत नाही. पूर्णवेळ पद देता येत नसेल तर मानधनावर, हंगामापुरते, अशा माणसांना बोलावण्याची तरतूद महाविद्यालयांनी करायला हवी. तालमीत वस्तादाची दहावीची गुणपत्रिका कोणी मागत नाही.

भाच्यांनी तरीही संचालकपदाचाच ध्यास धरला, तर क्षमता चाचणीची चिंता करू नये. तिशी ओलांडून चाळिशीच्या आत असलेल्या पुरुषाला १२ मिनिटांत १,५०० मीटर धावून वा चालून पार करायचे असतात. दर फेरीला सात-आठ किलोमीटर चालणाऱ्या गोल्फपटूला ते जड जाऊ नये. केसी मार्टिन यांना मात्र ते जमले नसते.